ताउलच्या भिंती

१० डिसेंबर ११२३ रोजी रामोन नावाचे एक बिशप स्पेनमधल्या पिरेनीज पर्वतातल्या ताउल या गावी आले आणि त्यांनी तिथल्या सांत क्लिमेंत या चर्चचा अभिषेक केला. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, त्याच गावातल्या सांता मारिया चर्चचा. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचं गाव, डिसेंबर महिना, पायवाटेचा चढ. एवढी उठाठेव करून साहेब वर आलेच आहेत, तर दोन्ही कामं उरकून घ्या, असा हिशोब त्यात असणार. कुठल्याही खेड्यातल्या पंचांना तो सुचला असता.

पहिल्या अभिषेकाचा लेख सांत क्लिमेंतच्या एका खांबावर रंगाने लिहिलेला होता, लॅटिनमध्ये. तारीख, बिशपांचं नाव, आणि वेदीत संत कॉर्नेलियस यांचे अवशेष ठेवल्याची नोंद. त्यात रामोन यांना ‘बार्बास्त्रोचे बिशप’ म्हटलं आहे. गंमत म्हणजे त्या बार्बास्त्रो शहरातून त्यांना शेजारच्या बिशपांनी १११६ सालीच हुसकावून लावलं होतं. गादी गेली तरी पदवी सुटली नव्हती. त्यातून ताउलच्या या बोई खोऱ्यावर रोदा, म्हणजे रामोन यांचाच, आणि उर्जेल अशा दोन धर्मप्रांतांचा दावा. तेव्हा लागोपाठ दोन दिवसांत दोन चर्चना पवित्र तेल लावून जाणं हे नुसतं पुण्यकर्म नव्हतं. सातबाऱ्यावर नाव चढवून घेण्याचाही तो प्रकार होता.

पैसा कुणाचा, तर एरिल घराण्याचा, असं अभ्यासक मानतात. हे इथले सरदार. आरागॉनचा राजा पहिला आल्फोन्सो याने १११८ साली मुसलमान सत्तेकडून सारागोसा जिंकलं, त्या काळातल्या मोहिमांमध्ये एरिलवाल्यांनीही हात धुऊन घेतले. लुटीचा आणि खंडणीचा पैसा डोंगरात परतला आणि त्याचे मनोरे झाले. बोई खोऱ्यात एकमेकांपासून हाकेच्या नाही तरी नजरेच्या अंतरावर अशी चर्च उभी आहेत: बोई, ताउल, एरिल ला वाल, बारुएरा, दुर्रो, कार्देत, कॉल. दुर्रोजवळच्या डोंगरावरचं छोटं सांत किर्क धरून नऊ वास्तूंना २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात एकत्र जागा मिळाली. एवढ्याशा खोऱ्यात नऊ! आपल्याकडे सिन्नरला गोंदेश्वर बघितल्यावर जो प्रश्न पडतो तोच इथे पडतो. इथे कुणी, कशाला, एवढं?

बार्सेलोनाहून निघालं की येइदा शहरापर्यंत सपाटी आणि फळबागा, मग एल पोंत दे सुएर्त, मग नोगेरा दे तोर नदीच्या काठाने वर. वळणं संपता संपत नाहीत. शेवटच्या चढावर ताउलच्या आधी रस्त्यालगतच सांत क्लिमेंतचा मनोरा उभा राहतो. चौकोनी, सडपातळ, तळमजल्यावर सहा मजले. मी आधी फोटो पुष्कळ पाहिले होते. पण फोटोत न कळणारी एक गोष्ट तिथे समजली. या मनोऱ्याला खालून वर पाहताना तो जड वाटत नाही. कारण खिडक्या. खाली जवळजवळ बंद भिंत, वर जावं तशी कमानींची उघडीप वाढत जाते. कुठे एक कमान, कुठे जोड कमान, कुठे तिहेरी. दोन कमानींच्या मध्ये बारीकसा दगडी खांब. वरच्या मजल्यांचं वजन घटवायची ही गवंड्याची युक्ती, पण डोळ्याला ती चढण वाटते. प्रत्येक मजल्याच्या माथ्याशी छोट्या आंधळ्या, म्हणजे आरपार न उघडणाऱ्या, कमानींची पट्टी आणि तिच्यावर करवतीच्या दात्यांसारखी तिरप्या दगडांची ओळ. बस्स, एवढाच अलंकार.

या कमानींच्या पट्ट्यांना लोंबार्ड पट्ट्या म्हणतात, कारण ही पद्धत उत्तर इटलीतल्या लोंबार्डीच्या गवंड्यांनी अकराव्या शतकात इकडे आणली. ११२३ पर्यंत ती जुनी झाली होती. त्याच सुमारास स्पेनच्या दुसऱ्या टोकाला सांतियागो दे कोंपोस्तेलाला घडीव दगडाचं, शिल्पांनी भरलेलं भव्य काम चालू होतं. ताउलकरांना त्याचं काही नाही. त्यांना आजोबांच्या वेळचा नमुना माहीत होता, तो त्यांनी नीट बांधला. दगड हातोड्याने ओबडधोबड घडवलेला, आकार लहान, म्हणजे दोन माणसांना उचलता येईल असा. छप्पर लाकडी, दोन बाजूंना उतरतं, वर पाटीच्या दगडाच्या कपच्या. बर्फ घसरून जावं म्हणून.

आत तीन दालनं, मधलं रुंद, बाजूची अरुंद, मध्ये गोल खांबांच्या दोन ओळी. पूर्वेला तीन अर्धगोल गाभारे. दगडी घुमट नाही, कमानी छत नाही. वर पाहिलं की सरळ तुळया आणि वासे दिसतात. खिडक्या अशा की प्रकाश मोजून-मापून आत सोडावा. मला हे चर्च बाहेरून जितकं हलकं वाटलं तितकंच आतून गंभीर. आणि त्या गंभीर अंधाराच्या टोकाला, मधल्या गाभाऱ्याच्या अर्धघुमटात, तो होता.

होता म्हणतोय, कारण आता तो तिथे नाही.

तो म्हणजे युरोपातल्या रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या, साधारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या, चित्रकलेतला सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्त. बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत बसलेला, पाय पृथ्वीच्या अर्धगोलावर टेकलेले, उजवा हात आशीर्वादासाठी वर, डाव्या हातात उघडं पुस्तक. पुस्तकात लॅटिन अक्षरं: मी जगाचा प्रकाश आहे. दोन्ही बाजूंना आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं दिव्यांसारखी टांगलेली. चेहरा लांबट, रेषा अशा धारदार की नाक, भुवया, दाढी सगळं एका हुकमाने काढल्यासारखं. गालांवर लाल ठिपके. पोशाखाच्या घड्या कापडाच्या कमी आणि धातूच्या पत्र्याच्या जास्त.

या चित्रातले बारकावे मात्र त्या कडक देवापेक्षा मला जास्त आवडतात. ख्रिस्ताच्या पायांशी वर्तुळांमध्ये देवदूत आहेत आणि त्यांच्या हातात शुभवर्तमानकारांची, म्हणजे ख्रिस्ताचं चरित्र लिहिणाऱ्या संतांची, प्रतीकं. संत मार्कचा सिंह आणि संत लूकचा बैल. पण हे देवदूत त्यांना काही अदबीने मिरवत नाहीत. एकाने सिंहाचा मागचा पाय धरलाय, दुसऱ्याने बैलाची शेपटी. बाजारात नेताना जनावर अडलं की जसं धरतात तसं. हे काढणारा माणूस कुणीही असो, त्याने गुरं हाकली होती किंवा हाकताना जवळून पाहिली होती. वरच्या कमानीत सात डोळ्यांचं कोकरू आहे, आणि एका बाजूला श्रीमंताच्या दाराशी पडलेला भिकारी लाझरस. कुबडी टेकलेली, अंगावर फोड, आणि एक कुत्रा मन लावून त्याचे फोड चाटतोय. देवाच्या दरबारातून मान वळवली की लगेच ही जखम दिसायची, अशी ती जागा.

आणि तो निळा रंग. अजिंठ्याचा निळा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ताउलच्या निळ्याला एवढा प्रवास नाही. तो एरिनाइट नावाच्या खनिजाचा, आणि ते पिरेनीजमध्येच सापडतं. चित्रकार बहुधा बाहेरचा होता, देश हिंडलेला. रोदाच्या चर्चमधल्या कामाशी त्याची शैली जुळते. पण त्याने आभाळ मात्र तिथल्याच डोंगरातून खणून काढलं.

पुढची सात-आठशे वर्षं या चित्राला फार कुणी पाहिलंच नाही. मध्ये केव्हातरी गाभाऱ्यापुढे गॉथिक शैलीचा मोठा लाकडी वेदीपट उभा राहिला आणि चित्राचा बराच भाग त्याच्यामागे गेला. गाव गरीब होत गेलं. गरिबी ही जतनाची फार प्रभावी पद्धत आहे. नवं बांधायला पैसे नसले की जुनं टिकतं.

१९०७ साली बार्सेलोनाहून एक मोहीम आली. वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क, धर्मगुरू आणि अभ्यासक जुझेप गुदिओल, सोबत छायाचित्रकार आदोल्फ मास. खेचरांवर कॅमेरे आणि काचेच्या प्लेटा लादून ही मंडळी डोंगरात हिंडली. बार्सेलोना ही कातालोनिया प्रांताची राजधानी, आणि कातालान अस्मितेचे ते दिवस. आपण कोण, याचं उत्तर माद्रिदमध्ये न शोधता डोंगरातल्या चर्चांमध्ये शोधायचं, अशी ती धारणा. आपल्याकडे त्याच सुमारास राजवाडे दफ्तरांच्या शोधात गावोगाव फिरत होते, तीच जातकुळी. एरिल ला वालला त्यांना वधस्तंभावरून ख्रिस्ताला उतरवण्याच्या प्रसंगाच्या लाकडी मूर्ती सापडल्या. ताउलला चित्रं दिसली. मग जलरंगातल्या नकला झाल्या, त्यांचे अंक छापले गेले, कातालान विद्वानांची मान ताठ झाली.

ते अंक व्यापाऱ्यांनीही वाचले.

१९१९ मध्ये कळलं की पायार्स भागातल्या मुर या चर्चच्या गाभाऱ्यातलं चित्र विकलं गेलंय. ल्युईस प्लांदिउरा हे बार्सेलोनाचे श्रीमंत संग्राहक आणि इग्नासी पोल्लाक हा व्यापारी या व्यवहारात होते. चित्र भिंतीवरून काढलं, अमेरिकेला गेलं, १९२१ मध्ये बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने ते घेतलं. ते आजही तिथेच आहे. काढणारे कारागीर इटलीतले होते, फ्रांको स्तेफानोनी आणि त्याचे सहकारी. पुढचा नंबर बोई खोऱ्याचा होता हे उघड होतं. बार्सेलोनाच्या संग्रहालय मंडळाने धावपळ केली, उर्जेलच्या बिशपांना पटवलं, आणि व्यापाऱ्यांच्या आधी आपणच चित्रं काढून आणायची असं ठरवलं. काढायला माणसं कुठली? तेच स्तेफानोनी. कालपर्यंत दुसऱ्या बाजूसाठी सोलत होते, आता या बाजूसाठी सोलू लागले. १९१९ ते १९२३ या काळात खोऱ्यातल्या चर्चांचे गाभारे एकेक करून रिकामे झाले.

सोलणं हाच शब्द बरोबर आहे. लहानपणी तळहातावर फेव्हिकॉल पसरायचा, वाळला की अलगद ओढायचा, आणि त्या पापुद्र्यावर हाताच्या रेषा उमटलेल्या बघायच्या, हा उद्योग ज्यांनी केलाय त्यांना ही पद्धत लगेच समजेल. चित्रावर प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला गरम सरस लावायचा, त्यावर कापड चिकटवायचं. सरस वाळताना आक्रसतो आणि रंगाचा वरचा पातळ थर गिलाव्यापासून सुटतो. मग कापड ओढून काढायचं. चित्र कापडाला चिकटून येतं, उलटं. त्याची गुंडाळी करायची. शहरात नेऊन पाठीमागे नवं कापड चिकटवायचं आणि पुढचं कापड गरम पाण्याने सोडवायचं. गुंडाळ्या खेचरांवरून खाली गेल्या. आठशे वर्षांचा जगाचा प्रकाश घाटातून गुंडाळून नेला.

आता तो बार्सेलोनाच्या मोंजुइक टेकडीवर, कातालोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. तिथे लाकडाचे पोकळ अर्धघुमट केलेत, मूळ गाभाऱ्याच्या मापाचे, आणि चित्रं त्यांच्या आतून बसवलीत. मागे जाऊन पाहिलं तर फळ्या आणि फासळ्या दिसतात. नाटकाच्या सेटच्या मागे शिरल्यासारखं वाटतं. १९३४ साली पिकासो या संग्रहातून फिरून गेला. मिरो आणि तापिएस यांच्या पिढ्या या डोळ्यांसमोर वाढल्या. म्हणजे कातालोनियाच्या आधुनिक चित्रकलेला या सोललेल्या भिंतींनी दूध पाजलं. चर्चमध्येच राहिली असती तर हे झालं नसतं.

मला मात्र तिथे उभं असताना अजिंठ्याची आठवण येत राहिली, आणि ती उगाच नव्हती. तारखा बघा. इटालियन माणसं ताउलच्या भिंती सोलत होती त्याच वर्षांत, १९२० ते १९२२ दरम्यान, हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला बोलावलं होतं. कामगिरी नेमकी उलटी: सुटत चाललेला रंग भिंतीला पुन्हा चिकटवायचा. एकच देश, एकच परंपरा, एकच विद्या; पिरेनीजमध्ये उतरवायला, सह्याद्रीच्या कुशीत बसवायला.

अजिंठ्याची चित्रं उतरवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी काही आकृती सोलून काढायला घेतल्या, आणि त्यांचा भुगा झाला. एक तुकडा मात्र देशाबाहेर गेलाच आणि फिरत फिरत बॉस्टनला पोहोचला. मुरचा ख्रिस्त ज्या संग्रहालयात आहे, त्याच संग्रहालयात. पण एकंदरीत अजिंठा वाचला तो कुणाच्या सुबुद्धीमुळे, यावर माझा फार विश्वास नाही. तो मातीमुळे वाचला. ताउलचं काम चुन्याच्या गिलाव्यावरचं. ओल्या चुन्यात रंग मुरतो, चुना वाळताना त्याला धरून ठेवतो, आणि मग तो थर सरसाच्या ओढीला तग धरतो. अजिंठ्याला चिखलाचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे धागे, वर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या पृष्ठभागावर रंग. ओढलं की सगळं हातात येतं, चूर होऊन. ती चित्रं सोलता आली असती तर आज कुठल्या लंडनमध्ये लाकडी लेणी करून त्यात बसवलेली असती, सांगता येत नाही.

आणि नकलांचं नशीब बघा. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून अजिंठ्याच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. आपल्याकडे अस्सल भिंतीवर राहिलं आणि नक्कल परदेशी जाऊन जळाली. ताउलला अस्सल शहरात गेलं आणि गावाच्या वाट्याला नक्कल आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सांत क्लिमेंतच्या गाभाऱ्यात त्या ख्रिस्ताची हुबेहूब प्रत रंगवली, आणि पन्नासेक वर्षं लोक तिलाच पाहत आले.

भिंतीवर राहिलं म्हणजे जपलं गेलं, असं म्हणायचीही सोय नाही. अजिंठ्यात चेक्कोनींनी रंगावर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, हात दिला. तो पुढे पिवळा पडला, काळवंडला, आणि आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावं लागलं. इकडे स्पेनमध्ये १९३६ साली यादवी युद्ध पेटलं, कातालोनिया आणि आरागॉनमध्ये शेकडो चर्च जाळली गेली. आरागॉनमधल्या सिहेना मठाची भित्तिचित्रं त्या आगीत होरपळली. जे उरलं ते सोलून बार्सेलोनाला आणलं. म्हणजे उतरवणाऱ्यांकडे उत्तर तयार आहे: आम्ही आणलं म्हणून आहे. आणि ते खरं आहे. गावात जाऊन ‘लुटलं, लुटलं’ म्हणणाऱ्या प्रवाशांपैकी मी नाही. बॉस्टन हा दुसरा पर्याय होता, आणि ताउलहून बार्सेलोना बॉस्टनपेक्षा जवळ आहे.

पण हा युक्तिवाद मालकी मिळवून देत नाही. सिहेनाच्या चित्रांवरून आरागॉन आणि बार्सेलोनाचं संग्रहालय यांच्यात वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२५ साली स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रं परत द्या असा निकाल दिला. संग्रहालय म्हणतं, आगीतून आलेला हा रंग हलवला तर टिकणार नाही. वाचवलेली वस्तू वाचवणाऱ्याची होते का, आणि ती परत नेताना मोडली तर दोष कुणाचा? ताउलचा व्यवहार बिशपांच्या संमतीने झालेला, त्याची सिहेनाशी गाठ घालता येत नाही. तरी माझ्या मनात एक खुटखुट राहते. बिशपांची संमती घेतली. गावाची?

२०१३ साली ताउलमध्ये एक मोठा शहाणपणाचा निर्णय झाला. गाभाऱ्यातली ती रंगवलेली प्रत काढून टाकली. तिच्याखाली मूळ चित्राचे जे अवशेष उरले होते, सरसाने जे उचललं नव्हतं, ते स्वच्छ करून तसेच ठेवले. आणि त्यांच्यावर प्रकाशाने चित्र उमटवायची सोय केली. दिवे मंद होतात. उघड्या भिंतीवर आधी रेषा येतात, मग मातकट रंग, मग निळा, मग ख्रिस्ताचा चेहरा. एकेक आकृती जागेवर बसते. कमानीच्या आतली बाजू, खिडकीच्या कडा, सगळं भरत जातं आणि चर्च ११२३ सालात जातं. मला अशा प्रकाशखेळांचा तिटकारा आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांवरचे ‘ध्वनी-प्रकाश’ कार्यक्रम बघून तो आलाय. पण इथे कुणी घोगऱ्या आवाजात इतिहास सांगत नाही. आणि एक गोष्ट संग्रहालयात कधीच कळली नव्हती ती कळली: ही आकृती पुढे झुकते. अर्धघुमटाच्या वळणामुळे ख्रिस्ताचं डोकं बघणाऱ्याच्या दिशेला येतं. मोंजुइकला तेच वळण आहे, तेच माप आहे, पण तिथे आपण उजेडात, चकचकीत जमिनीवर उभे असतो. इथे मान वर करून अंधारात बसलं की तो वाकून बघतोय असं वाटतं. मग प्रकाश विझतो आणि डागाळलेली भिंत परत येते. शेजारच्या बाकावरचे लोक लगेच उठले नाहीत.

माझ्याबरोबर वसईचा एक मित्र होता. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवायची नाही असं घरचं वळण असलेला. त्याने तिकीट-खिडकीवर विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता: “इथे मिस्सा किती वाजता?” उत्तर मिळालं की धर्मग्रामाचं चर्च हे नव्हे, ते वर, गावात. सांता मारिया.

मग आम्ही वर गेलो. सांत क्लिमेंत गावाच्या वेशीवर आहे, सांता मारिया ऐन मधोमध, घरांच्या गराड्यात. बाजूला दगडी घरं, त्यांच्या आड हॉटेलं आणि स्कीचं सामान भाड्याने देणारी दुकानं. जवळच मोठं स्की केंद्र आहे आणि गावाचं पोट आता बर्फावर चालतं. सांता मारियाचा मनोरा ठेंगणा, दक्षिणेकडच्या दालनाच्या आतच उभा केलेला, आणि थोडा कललेला. सांत क्लिमेंतचा रुबाब याला नाही. इथली चित्रंही गेलीच आहेत: मांडीवर बाळ घेतलेली मेरी आणि तिला भेटी आणणारे तीन राजे, गोलायथचं मुंडकं कापणारा दावीद, अंतिम न्यायाचा प्रसंग. सगळं मोंजुइकला. गाभाऱ्यात आता मेरीची प्रत आहे.

या चर्चवर आणखी एक शस्त्रक्रिया झालीय, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अठराव्या शतकात गावकऱ्यांनी सांता मारियाचं रूप पालटलं होतं. आत बरोक पद्धतीचं छत, घुमट, त्या काळच्या आवडीप्रमाणे. विसाव्या शतकात जीर्णोद्धार करणाऱ्यांनी ते सगळं काढलं आणि चर्च पुन्हा बाराव्या शतकातलं केलं. आज आपण जे ‘मूळ’ रूप पाहतो ते असं मिळवलेलं आहे. आपल्याकडे मंदिराचा काळा दगड ऑइलपेंटने रंगवतात, गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरश्या लावतात, तेव्हा मी चिडणाऱ्यांत असतो. तरी इथे मला अठराव्या शतकातल्या त्या ताउलकरांची बाजू घ्यावीशी वाटली. हाताशी पैसे आले तेव्हा त्यांनी आपल्या देवाचं घर आपल्याला आवडेल तसं केलं. एरिल सरदारांनी तरी दुसरं काय केलं होतं? बाराव्या शतकातल्या माणसाची हौस म्हणजे वारसा आणि अठराव्या शतकातल्या माणसाची हौस म्हणजे विटाळ, हा न्याय लावणारी माणसं दोन्ही शतकांतली नव्हती, गावातलीही नव्हती. चित्रं वाचवणाऱ्यांनी आणि छत पाडणाऱ्यांनी एकाच गोष्टीवर प्रेम केलं: आठशे वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरवर. मधली शतकं ज्यांनी काढली, ज्यांनी त्याच भिंतींत पोरांचे बाप्तिस्मे केले आणि म्हातारे पुरले, त्यांची खूण ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

उन्हाळ्यात मात्र या गावांमध्ये एक गोष्ट होते जिला कुठलं संग्रहालय सरस लावू शकत नाही. डोंगरावर अंधार पडल्यावर गावची मंडळी लाकडाच्या पेटत्या मशाली खांद्यावर घेऊन उतारावरून गावात येतात. खोऱ्यातल्या गावांचे दिवस जून-जुलैत लागोपाठ लागतात. पिरेनीजमधल्या या अग्नी-उत्सवालाही युनेस्कोने २०१५ साली यादीत घेतलं, त्यामुळे आता त्यालाही फलक आणि माहितीपत्रकं आली आहेत. चालायचंच.

आम्ही गेलो तेव्हा सांता मारियात कुणीच नव्हतं. दाराशी मिस्सेच्या वेळांचा कागद लावलेला, टाचणीने. मित्राने वेळ बघितली आणि म्हणाला, आपण थांबायचं. मी बस चुकेल म्हणालो. त्याने ऐकलं नाही. तर कुणी त्या बाजूला जाणार असेल त्याच्यासाठी: सांत क्लिमेंतला तिकीट आहे, आणि प्रकाशाचा खेळ बघायचा तर वेळ विचारून जा. सांता मारियाला तिकीट नाही. दार सहसा उघडं असतं, आत थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त असते, स्वेटर काढू नका.